सुपाची स्टेप

पंडित : नाही म्हणजे नाही. ही स्टेप आज आपल्या नाचाच्या गोलात उतरणार नाही.

सत्यशीला : कामून पण, पंडितदादा? काल तूच म्हणालास, सत्ते, तुझ्या अंगात हाडं हायेत का रबर! नागप्पानं शिट्टी मारली. इलियास तर वडापाव हातात धरून तसाच उभा राहिला, चटणी सदऱ्यावर.

पंडित : शिट्टी मी बी मारली. स्टेप जबरदस्त हाय, कोण नाही म्हणतंय? पण ती तुझी नाही.

सत्यशीला : माझी नाही? मग कोणाची? व्हिडिओ पार्लरमधल्या कॅसेटीत बघितलीस का? दाखव. परभणीत, नांदेडात, अख्ख्या मराठवाड्यात ही स्टेप दुसरं कोणी करत असेल ना, तर आज मिरवणुकीत मी गोलात पायसुद्धा ठेवणार नाही. नुसत्या टाळ्या वाजवीन.

पंडित : मराठवाडा लांब राहिला. हितंच करतेत. ह्या मोंढ्यात. पलीकडच्या अडतीपुढं.

सत्यशीला : मोंढ्यात हमाल पोती उचलतात. नाचतात कधी?

पंडित : ऐक तर. परवा रिक्षात एका व्यापाऱ्याला सोडायला आलो. अडतीपुढं उन्हात एक बाई ज्वारी पाखडायली होती. सूप वर गेलं, कोपरातून लाट निघाली, ती खांद्यात, खांद्यातून मानेत, मानेतून त्या खांद्यात, अन् फटकन खाली. मी रिक्षा तशीच चालू ठेवून बघत बसलो. व्यापारी वरडायला लागला, अरे भाऊ, सुट्टे दे! मी म्हणलं, ही तर आपल्या सत्तीची स्टेप. तेवढ्यात त्या बाईनं मान वर केली अन् म्हणली, काय रे पंड्या, सूप कधी बघितलं न्हाईस का?

सत्यशीला : ...माय.

पंडित : हौ. कडूमावशी. तुझी माय.

सत्यशीला : दादा, मी काही तिच्यासमोर बसून नक्कल केली नाही. शप्पथ. आरशापुढं ब्रेक डान्समधला करंट करत होते. ह्या बोटातून निघून त्या बोटात जायचा, सगळे करतात तसा. आणि हात आपोआपच असे वळले. मला इतका आनंद झाला! म्हटलं, हे माझं. हे कोणत्याच कॅसेटीत नाही. मी तर नावही ठेवलं होतं. 'सत्यशीला स्पेशल'.

पंडित : आइस्क्रीम हाय का ते?

सत्यशीला : हस तू.

पंडित : हसत नाही. पाळण्यातनं तेच बघत मोठी झालीस तू, अंगात उतरणारच. पण गोलाचा कायदा काय हाय?

सत्यशीला : पाठ आहे मला. कॅसेटीतली स्टेप गोलात चालणार नाही. ज्याची स्टेप त्याचं नाव. नाव पुकारल्याशिवाय करायची नाही, आणि विचारल्याशिवाय नाव पुकारायचं नाही.

पंडित : इलियासनं काय केलं? कापूस पिंजायची स्टेप बसवली अन् पहिल्यांदा अब्बांकडं गेला. अब्बा भडकले, मग हसले, मग म्हणाले, येड्या, धनुकली अशी धरतेत का? आता इलियास उतरला की आपण काय वरडतो?

सत्यशीला : बाबूमियाँ पिंजारी!

पंडित : नागप्पाचा भोवरा नागप्पाचा. माझी 'बंद पडलेली रिक्षा' माझी.

सत्यशीला : ती कोणी चोरणारही नाही.

पंडित : नक्को चोरू. पण कॅसेट बघून हातपाय झाडणारे गल्लोगल्ली पडलेत. मोंढ्याचा गोल एकच हाय. का? तर आपल्या एकेक स्टेपला बाप हाय, नाहीतर माय हाय. जा. विचार तिला. मिरवणुकीला अजून वेळ हाय.

सत्यशीला : तेच तर होत नाही ना.

पंडित : का?

सत्यशीला : मी नाचते हेच तिला माहीत नाही.

पंडित : काय बोलती! वर्ष झालं तुला गोलात येऊन!

सत्यशीला : तिला वाटतं मी शाळेच्या लेझीमला जाते. आजही सांगून आले की मिरवणुकीच्या कापडावर अक्षरं रंगवायला चालले.

पंडित : अन् ते गुडघे सोललेले असतेत ते?

सत्यशीला : लेझीम खेळताना.

पंडित : लेझीम काय रांगत खेळता तुमी?

सत्यशीला : दादा, ती एरवी काही म्हणत नाही रे. सायकल शीक म्हणाली. भाषणात भाग घे म्हणाली, माझा पहिला नंबर आला तर सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पण लग्नात कुठं मुली नाचायला लागल्या ना, की माझा हात धरून घरी आणते. का, ते सांगत नाही. आणि आजची मिरवणूक चुकवायची नाही मला! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, अख्खी परभणी रस्त्यावर येणार, आणि मी माझी स्वतःची स्टेप घेऊन घरात बसू?

पंडित : मग आत्ताच जा घरी. आज मोंढा बंद हाय, मावशी घरीच असंल.

सत्यशीला : घरीच असेल. तिळाच्या पोळ्या करत. आधी एक पोळी खाईन, मग सांगीन.

पंडित : पोळी राहू दे. मागं बघ.

(कडूबाई एका हातात केरसुणी आणि काखेत सूप घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढून येते.)

माय : सत्ते! तू तर अक्षरं रंगवायला गेलीवतीस ना? का ह्या पुठ्ठ्यावर रंगवायलीस?

सत्यशीला : माय! तू हितं कशी? मोंढा बंद आहे ना?

माय : मोंढा बंद हाय, ओट्याला सुट्टी हाय का? शेठ म्हणला, उद्या माल यायच्या आत झाडून ठेव. सांडलेली ज्वारी पाखडून घ्यावी म्हणून सूप आणलं. अन् हे काय? टेप कुणाचा? ह्यो पांढरा भुरका कशाचा पडलाय?

पंडित : पावडर हाय मावशी. पाय सटकायला बरं पडतं.

माय : वास वळखीचा यायलाय. बया! माह्या डब्यातली पावडर! अन् मी म्हणायले, लावत तर कुणी न्हाई, मग संपायली कशी!

सत्यशीला : माय, एक सांगू? रागावू नकोस.

माय : ते ऐकल्यावर ठरवीन.

सत्यशीला : मी नाचते.

माय : काय करतीस?

सत्यशीला : नाचते. ब्रेक डान्स. लेझीम नाही. ह्या ओट्यावर, पंडितदादाच्या गोलात. आणि आज मिरवणूक चौकात थांबली की आम्ही तिथं गोल करणार, आणि मी मधे उतरणार.

माय : न्हाई.

सत्यशीला : ऐकून तरी घे.

माय : ऐकलं की. न्हाई म्हणले. झेंडा धर. घोषणा दे, तुहा आवाज चांगला हाय. नाच न्हाई.

पंडित : मावशी, मिरवणुकीत तर आज म्हातारे बी नाचणार.

माय : आनंदानं पाय हालतेत, ते येगळं. मी बी हालवीन. पण मधी जागा करायची, भवती लोकायनं उभं राहायचं, अन् आपल्या पोरीनं त्यांच्या पुढं नाचायचं, हे आमी सोडलंय पंडित. उगं सोडलं न्हाई.

सत्यशीला : कधी सोडलं? कोणी सोडलं? तू तर कधीच काही सांगत नाहीस. नुसती हात धरून ओढून नेतेस.

माय : सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का?

सत्यशीला : आता मी मोठी झाले. पुढच्या साली दहावीत जाईन. सांग.

माय : तुही आजी. धुरपताबाई.

सत्यशीला : ती नाचायची?

माय : नाचवायचे तिला. गावात मोठ्या घरचं लग्न निघालं की वरातीच्या पुढं हलगी आमच्या माणसायची, अन् नाच आमच्या बायांचा. बोलावणं नसायचं, हाक असायची. 'ए, नाच.' इतकंच. नाव घेऊन कुणी बोलत नसे. अन् पैसा फेकायचे तो हातात न्हाई, खाली चिखलात. नाचता नाचता वाकून उचलायचा. न्हाई उचलला की म्हणायचे, माजली. मी तिचा पदर धरून मागं मागं चालायचे. बारकी व्हते. मला वाटायचं, माय सारखं काय हुडकायली खाली?

पंडित : मावशी...

माय : मग एका साली वस्तीनं ठरवलं. वाजवायचं न्हाई, नाचायचं न्हाई, कुणाच्या दारात मागायचं न्हाई. लय तरास झाला, पण मोडलं न्हाई कुणी. त्या दिशी माय म्हणली, कडे, आता आपल्या घरातली बाई कुणाच्या पुढं नाचणार न्हाई. फुडं ह्या विद्यापीठाच्या नावावरून पेटलं, आमचं घर जाळलं, आमी रातोरात परभणीला आलो. तवा बी ती म्हणली, जाऊ द्या घर. नाच तर सुटला ना. आता कळलं, हात धरून कामून आणते?

सत्यशीला : कळलं.

माय : मग चल घरी. पोळ्या गार व्हायल्यात.

पंडित : मावशी, एक मिनिट. तुमी माह्या मायसारख्या. एक गोष्ट सांगतो, मग न्या तिला. आमच्या गोलात पैसा पडत नाही.

माय : सगळ्याच तमाशात पडतो, बाबा.

पंडित : नाही पडत. मागच्या उरुसात आमी गोल केला होता. गर्दी अशी की मुंगी शिरंना. एक पहिलवान होता, सोन्याची चेन, मागं चार पोरं. त्यानं नोट काढली, हिच्या डोक्यावरनं ओवाळली अन् टाकली खाली.

माय : हिच्या? सत्तीच्या?

सत्यशीला : हो.

माय : मग काय केलंस तू?

सत्यशीला : काहीच नाही. खाली बसले. मांडी घालून, तिथंच, मधोमध.

पंडित : मी टेप बंद केला. मला बी कळंना काय चाललंय. मग नागप्पा बसला, इलियास बसला, आमी सगळेच बसलो. लोक वरडायले, नाचा, नाचा! ही म्हणली, ती नोट उचलल्याशिवाय टेप लागणार नाही. ज्यानं टाकली त्यानंच उचलायची.

माय : अन्?

सत्यशीला : तो म्हणाला, ठेव की, तुझीच आहे. मी म्हटलं, माझी नाही, तुमची पडली.

पंडित : लोक हसायला लागले. आधी हळू, मग लय. शेवटी उचलली त्यानं.

माय : त्यानं उचलली? सोता?

सत्यशीला : स्वतः.

माय : वाकून?

सत्यशीला : पार खाली वाकून, माय. पोट मोठं होतं त्याचं, दोनदा निसटली.

माय : सगळ्यायच्या म्होरं?

पंडित : सगळ्या उरुसाच्या म्होरं. त्या दिवसापासून गोलाचा तो बी कायदा झाला. पैसा पडला की टेप बंद. कायदा माझा नाही मावशी, हिचा हाय.

सत्यशीला : मला तेव्हा आजीचं काही माहीत नव्हतं. मला फक्त राग आला. इतका राग आला की पायच हलेनात, म्हणून बसले.

माय : थांब जरा. मला बी बसू दे.

पंडित : पाणी देऊ का?

माय : पाणी नको. ते पुन्यांदा सांग. दोनदा निसटली म्हणलीस?

सत्यशीला : दोनदा. तिसऱ्यांदा पकडली.

माय : धुरपताबाई असायला पायजे व्हती गं उरुसात. लय हसली असती. ती हसली की सुपारी पडायची तोंडातली.

सत्यशीला : माय, मला तुला काही विचारायचं होतं. आता विचारू की नको?

माय : नाचू का म्हणून?

सत्यशीला : ते नंतर. आधी दुसरं. माझी स्टेप आहे ना, ती माझी नाही. तुझी आहे. तुला विचारल्याशिवाय मला ती करता येत नाही, तसा कायदाच आहे.

माय : माही? मी कवा नाचले?

सत्यशीला : बघ. दादा, टेप नको. असंच करते.

माय : अगं... अगं, हे तर...

पंडित : वळखलं?

माय : हे तर पाखडणं हाय! बया बया बया! सुपाबिगर पाखडायली पोरगी! अन् हे खांद्याचं, हे मी करते?

सत्यशीला : तूच करतेस. रोज करतेस. तुला दिसत नाही, मला दिसतं.

माय : मला वाटायचं खांदा दुखतो म्हणून तसा वर जातो. पण सत्ते, चुकायलीस तू.

सत्यशीला : चुकायले? अख्खा गोल शिट्ट्या मारतो!

माय : मारू दे. सगळे दाणे सांडवलेस. तू हात वर नेतीस अन् लगीच खाली आणतीस. दाणा वर गेला की सुपानं थांबायचं असतंय. वाऱ्याला भुसकट न्यायला येळ द्यायचा. त्याचं काम झालं की मग झेलायचं. हे बघ. वर... थांबलं... आता खाली.

पंडित : पुन्हा करा मावशी. ते थांबायचं पुन्हा करा.

माय : वर... थांबलं... आता.

पंडित : याला म्हणतेत थांबा! आमी वर्षभर हेच शोधायलोय. नागप्पा आपला थांबायला जातो अन् धपकन पडतो.

सत्यशीला : मी करते. वर... थांबले... आता! आला, माय, आला! थांबलं की मानेतून करंट आपोआप पुढं जातो! दादा, बघितलंस? संध्याकाळी चौकात हे असं थांबले ना, तर लोकांचा श्वास अडकेल!

माय : हळू, हळू. दाणे अजून सांडतेत, पण आता कमी सांडले.

सत्यशीला : मग घेऊ तुझं नाव? 'कडूबाईचं सूप'! पंडितदादा पुकारणार, सगळे ओरडणार.

माय : माहं नको.

सत्यशीला : का? नाव आवडत नाही का? मला आवडतं. कडूबाई म्हटलं की समोरचा सरळ उभा राहतो.

माय : त्याच्यासाठी न्हाई. तुमचा कायदा काय हाय? ज्याचं त्याचं. मग हे माहं न्हाई. ह्यो हात मायचा. मला तिनंच शिकवलं, मागून माहे दोन्ही हात धरून. ती सूप धरायची तर बाया कामं टाकून बघायच्या. तितं तिला कुणी 'ए, नाच' म्हणलं न्हाई. तितं ती सोताच्या मनानं हालायची.

पंडित : मग इजाजत कुणाची घ्यायची? आजी तर गेल्या.

माय : ती असती तर न्हाई म्हणली असती.

सत्यशीला : मग झालं.

माय : तोंड कामून पाडतीस? पुरतं ऐक. न्हाई म्हणली असती, मग मी तिला उरुसातली गोष्ट सांगितली असती. पहिलवान वाकला इथपर्यंत. मग तिनं इचारलं असतं, दोनदा निसटली? अन् मग म्हणली असती, जाऊ दे पोरीला.

सत्यशीला : म्हणजे... माय? म्हणजे हो?

माय : मला मिठी मारू नको, पावडर लागंल.

सत्यशीला : लागू दे! तुझीच आहे!

माय : पंडित, हिला सोडव. अन् माही बी एक अट हाय. गोलाच्या तोंडाशी मी उभी राहणार. ह्ये सूप घेऊन.

पंडित : सूप कशाला मावशी?

माय : कुणी पैसा फेकला तर वरच्यावर झेलीन. अन् पाखडून देईन त्याचा त्याला परत.

पंडित : आता हा तिसरा कायदा झाला. मावशी, तुमी आमच्या गोलातच या.

माय : आले की. उभी हाय न्हवं? बरं, मला सांग, नाव कसं पुकारता तुमी?

पंडित : एकदम मोठ्यानं. आधी मी, मग सगळा गोल. टेप लागायच्या आधी.

माय : कोपऱ्यातल्या माणसाला बी ऐकू जातं?

पंडित : स्टेशनापर्यंत जातं.

माय : विद्यापीठाच्या नावासाठी घोषणा देऊन देऊन घसा गेला माहा. तुरुंगात बी घोषणाच दिल्या. एका नावासाठी सोळा वर्सं. पण माह्या मायचं नाव मी अजून कवा मोठ्यानं घेतलं न्हाई, पंडित. कुठं घ्यायचं व्हतं? कुणी इचारलंच न्हाई.

सत्यशीला : आज मी विचारलं ना.

माय : तू इचारलंस.

पंडित : चला मग, एकदा तालीम करून घेऊ. सत्ते, पुठ्ठा सरळ कर. मावशी, तुमी हितं उभ्या राहा, हे गोलाचं तोंड. सूप धरा. लावू टेप?

माय : लाव. पण आदी नाव घे.